पाच हजार एकेचाळीस ठिपके

मित्रांनो, मी एक संख्या आहे, फार फार जुनी. पाच हजार एकेचाळीस. मला कुणी घडवलं नाही. जूचंद्र गावच्या खाडीत पहिलं पाणी शिरलं, त्याच्याही आधीपासून मी धुक्यात बसून होते. कुणीतरी मोजत मोजत माझ्यापर्यंत येईल, याची वाट पाहत.

एकाहत्तर ओळी मांडा, प्रत्येकीत एकाहत्तर ठिपके घाला, की मी नेमका चौरस होऊन पसरते. पण वाटणीला मी वाईट. माझी धाकटी शेजारीण, पाच हजार चाळीस, मोठी गुणाची. दोघांत वाटा, सातांत वाटा, दहांत वाटा, काही उरत नाही. मला दोनापासून दहापर्यंत कुणीही भागलं तरी एक उरतोच. म्हणून लोक तिचं कौतुक करत आणि मला टाळत.

यंदा देवीच्या यात्रेसाठी जूचंद्रच्या दहा बायकांनी एकाहत्तर ओळी, एकाहत्तर ठिपक्यांचं मोठं कमळ काढायचं ठरवलं. त्या सगळ्यांना रांगोळी शिकवली होती लतिकामावशीनं. पण नवरा गेल्यापासून आपला हात शुभ नाही असं मानून ती भिंतीशी बसून राही. पदराखाली तिची बोटं मात्र चिमूट धरल्यासारखी हलत. तिनं पुन्हा रांगोळीत बसावं, एवढंच त्या दहांतल्या हेमांगीला हवं होतं. मावशी ऐकत नव्हती.

त्यांच्यातल्याच हंसाला मात्र कामाची वाटणी सारखी हवी होती. "एक ओळ कमी करा, नि हर ओळीत एक ठिपका वाढवा. सत्तर ओळी, बहात्तर ठिपके. दहा जनींना बराबर!"

ठिपके मांडून झाले आणि कमळाला मध्यच सापडेना. दोन्हीकडून सम आकडा, मधोमध ठिपका येणार कुठून? सगळं पुसावं लागलं.

"आता एकाहत्तरच घ्या," हेमांगी म्हणाली. मी धुक्यातून उठले.

हंसानं कंबर धरली. "मंग एक उरतो ना बाय! त्यो कोनाचा?"

"त्यो मधला. पयला. लतिकामावशीचा."

मावशी दचकली. "माजा? यात्रेला? गाव काय बोलंल?"

"गावाला सांगू, हिच्या वाट्याला एकच आलाय," हंसा म्हणाली. "आमाला हरेकीला पाचशे चार हायेत. रडाचं तं आमी रडू. ऊठ गो!"

हेमांगीनं रांगोळीची वाटी मावशीच्या मांडीवर ठेवली. "तू नाय ठेवलास, तं आमी कोनीच नाय ठेवनार."

मग मावशी उठली, मधोमध केलेल्या खडूच्या खुणेपाशी बसली आणि तिनं चिमटीतून पांढरा ठिपका सोडला.

जमिनीवर तेव्हा तेवढाच होता. माझे बाकीचे पाच हजार चाळीस अजून दहा मुठींत होते. तरी मला वाटलं, मी आले.

मित्रांनो, वाटणीत कुणी उरलं तर त्याला बाजूला सारू नका. आधी त्याला मधोमध बसवा, मग मोजायला लागा.