मागाचे आकडे

"ओक्ता, गुओक्ते, गोल्बमा..." आई ताण्याचे धागे एकेक करून बाजूला सारायची आणि तिचा आवाज त्या धाग्यांवरून हलके हलके खाली उतरायचा. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा तो आवाज एडवीनला आज उत्तर नॉर्वेत, फ्योर्डच्या खाडीकाठी बंद पडलेल्या मासळीच्या गोदामात ऐकू आला. हातातला कॉफीचा कप त्यानं तसाच धरून ठेवला.

मोजत होती रिस्तेन. पठारावरची, रेनडिअर पाळणाऱ्या सामी या मूळच्या जमातीतली ही विणकर तीन महिने गावात राहायला आली होती. ताण्याच्या धाग्यांना खाली दगड बांधलेला जुना उभा माग गावकऱ्यांच्या हातांनी पुन्हा चालता करायचा, घराघरांतली जुनी कांबळी मांडायची, असा तिचा बेत. पहिले पंधरा दिवस माणसं आली ती फक्त वॅफल खायला. आज एडवीन आईनं विणलेलं कांबळं घेऊन आला होता.

"हे आकडे तुला कुणी शिकवले?"

"कुठले?"

"हेच गं. मागाचे."

रिस्तेन हसली. "मागाचे कसले, एडवीनकाका! बटाटेसुद्धा असेच मोजते मी. आमची भाषा आहे ती."

"छे छे, विणायचे आकडे आहेत ते. आमच्या घरी मागावर बसलं की असं मोजायचे. उठलं की सरळ नॉर्वेजियन."

रिस्तेनचं हसू ओसरलं. तिनं कांबळ्याची कड बोटांनी सारखी केली. "रविवारी प्रदर्शन उघडतंय. खाली आईंचं नाव लिहायचंय. सामी विणकर, असं लिहू?"

"आम्ही सामी नाही," तो म्हणाला. साखर नको म्हणावं इतक्या सवयीनं. मग कॉफीचा कप त्यानं खाली ठेवला. आपण नेमकं कशाला नाही म्हणालो, हेच त्याला उमगेना.

तिथून तो थेट बहिणीकडे गेला. सिग्नी ओट्यापाशी कॉड मासा साफ करत होती.

"ताई, आई मागावर मोजायची ती भाषा आहे म्हणे."

"कोण म्हणतं? ती पठारावरची? त्या लोकांना रेनडिअरच्या शेपटीतसुद्धा भाषा दिसते."

"ती आईचं नाव लिहिणार आहे. सामी म्हणून."

सुरी थांबली नाही. "लिहू दे की. मग रविवारी जेवायलाही तिच्याकडेच जा. माझ्या दारात यायचं नाही."

बायको गेल्यापासून एडवीनचं म्हणावं असं एवढं एकच दार उरलं होतं. तो स्टुलावर बसला. उठला. पुन्हा बसला. ताईचं खरं मानावं, तर आई काय बोलत होती? रिस्तेनचं खरं मानावं, तर एकाहत्तर वर्षं तो स्वतः कोण होता?

"बरं," शेवटी तो म्हणाला. "नको लिहू म्हणून सांगतो तिला. कांबळं घेऊन येतो परत."

तो दाराशी जाऊन बूट चढवू लागला. डावा उजव्या पायात गेला. काढला, आणि पुन्हा तोच त्याच पायात. सिग्नी बघत होती. तिनं सुरी खाली ठेवली, हात धुतले, पुसले. पुसून झाल्यावरही पुसतच राहिली.

"तू फार उशिरा बोलायला लागलास म्हणतात ना सगळे?"

"पाचव्या वर्षी. त्याचं काय?"

"उशिरा नाही रे. दोन वर्षांचा होतास तेव्हापासून चुरूचुरू बोलायचास. त्याच भाषेत." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "शाळेतल्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, शाळेत फक्त नॉर्वेजियन चालते, धाकट्याशी असं बोलत राहिलात तर त्याचं नुकसान कराल. बाबांनी मान डोलावली, घरात ती भाषा बंद झाली. मी नऊ वर्षांची, तू चार. त्या दिवसापासून तू माझ्या मागे मागे फिरायचास, झगा ओढायचास, काहीबाही विचारायचास. मला सगळं कळायचं, एडवीन. शब्द न् शब्द. अख्खा हिवाळा मी तुला एक उत्तर दिलं नाही. मग एक दिवस तू विचारायचंच सोडून दिलंस."