भाईच्या बाकड्यावरची जागा

लवूला घरी कोणी उपाशी ठेवत होतं अशातला भाग नव्हता. बायको नर्मदा सुगरण होती. तिच्या हातची पेजही गावात नावाजलेली. तरी दिवस कलला की लवूचे पाय आपसूक भाईच्या हॉटेलाकडे वळत. हॉटेल म्हणजे नावालाच. झावळ्यांचं छप्पर, धुरानं काळी पडलेली कुडाची भिंत, शेव आणि खटखट्या लाडवांच्या बरण्या, आणि पुढ्यात एक लांब बाकडं. मालवणला जाणारी एस.टी. तिथेच थांबे, म्हणून त्याला हॉटेल म्हणायचं.

त्या बाकड्यावर मधोमध सत्यवान बसायचा. गावच्या मानकऱ्यांच्या घरातला; देवळातला पहिला नारळ त्याच्या घरी जायचा आणि तो स्वतःही जरा नारळासारखाच ओवाळून घ्यायचा. त्याच्या उजव्या अंगाला बाळा शिंपी. सत्यवान हसला की हा हसायचा, सत्यवान खोकला की हा पाणी मागवायचा. आणि उरलेल्या टोकावर लवू, अर्धा बाकड्यावर, अर्धा हवेत. भाईच्या उसळीत पाव बुडवताना लवूला वाटे, आपल्यासारखा भाग्यवान कोण आहे?

भज्यांची बशी आली की शेवटचं भजं सत्यवान लवूच्या पुढ्यातून उचलायचा. "मेल्या, तुझ्या त्या पोटाक ह्या काय करूचा आसा?" असं म्हणायचा. बाळा हसायचा. पुढे पुढे तर लवू स्वतःच बशी सरकवायला लागला. दोस्ती म्हटली की थोडं सोसावंच लागतं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. ही असली माणसं मला कधी समजली नाहीत, आणि त्यांची कीव करायला गेलं तर तीच आपल्यावर रागावतात.

त्या वर्षी लवूच्या जानकीचं लग्न ठरलं. मुलगा फोंडाघाटच्या बाजारातला, बाप शिवा, मिरची-गुळाचा व्यापारी. माघातली तिथी धरली होती. लवूनं भाईच्या हॉटेलात सगळ्यांना लाडू वाटले आणि सत्यवानाच्या पायाशी जवळजवळ वाकूनच म्हणाला, "सत्यवाना, मांडवात तू उभो ऱ्हवाक होयो. तू असलंस की माका कसली भीती नाय."

"ऱ्हवतलंय रे," सत्यवान लाडू फोडत म्हणाला. "तुझा चेडू ता माझा चेडू."

मग मार्गशीर्षात देवानं गावपळणीचा कौल दिला. ज्यांच्या गावात ही रीत नाही त्यांना सांगायला हवं: काही वर्षांनी एकदा अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री गाव सोडून वेशीबाहेर राहतं. गुरंढोरं, कोंबड्या, म्हातारी माणसं, तान्ही पोरं, सगळी. घरांना कुलपं, चुली विझलेल्या. ते तीन दिवस गाव देवाचं आणि त्याच्या चाळ्याचं, म्हणजे भुताखेतांचं. त्यात माणसानं पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी मानकऱ्यांनी देवळात जाऊन मूर्तीला फुलाच्या ओल्या पाकळ्या लावायच्या; उजवी पाकळी पडली की देवाची परवानगी, मग गाव परत घरी.

ऐकताना भीती वाटते, पण खरं सांगायचं तर लोक त्या दिवसांची वाट बघत असत. खाडीपलीकडच्या काजूच्या झाडांखाली झोपड्या उभ्या राहिल्या. रात्री भजनं, दिवसा पत्ते. भाईनं आपली कढई, बरण्या आणि ते बाकडंसुद्धा होडीतून पलीकडे नेलं आणि एका काजीखाली हॉटेल मांडलं. गिऱ्हाईक तर काय, सगळं गावच समोर बसलेलं. मधे सत्यवान, उजवीकडे बाळा, टोकाला लवू. नर्मदा आणि जानकी झोपडीत तांदूळ निवडत होत्या आणि लवू बाकड्यावर सुखात होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी भाईनं उकड्या तांदळाची पेज वाढली. सत्यवानानं एक भुरका घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"पेज बरी आसा," तो म्हणाला, "पण हिच्यावांगडा लवूच्या बायलेचो खारातलो आंबो होयो होतो. मिरची ठेचून, वायच गूळ घालून."

"बरणी घराकच ऱ्हवली," लवू ओशाळून म्हणाला. आंबा घरी राहिला हा जसा त्याचाच अपराध. "जड होती म्हणान हाडूक नाय."

"मगे जा आणि हाड."

लवू हसला. बाळा हसला. सत्यवान मात्र हसला नाही.

"गावात?" लवू म्हणाला.

"नाय तर काय मुंबयेत? खाडी उतरलंस की तुझी परसबाग. ओहोटी आसा, होडीय लागाची नाय. कोण बघता?"

"देव बघता मरे."

"भियालो!" बाळा मांडीवर थाप मारून म्हणाला. "भियालो मेलो!"

सत्यवान खाली वाकून हळूच बोलला, आणि त्या हळू बोलण्यातच सगळं आलं. "तुझ्या चेडवाच्या मांडवात मी उभो ऱ्हवतलंय. अख्ख्या गावासमोर. आणि तू माझ्यासाठी एक आंबो हाडूचंस नाय? ऱ्हवांदे. माणूस कळता असो."

त्यानं तोंड फिरवलं आणि बाळाशी दुसरंच काही बोलायला लागला. लवूला ते फिरवलेलं तोंड सहन झालं नाही. देवाचा कोप पुढचा, सत्यवानाचा कोप आत्ताचा. तो उठला.

गुडघाभर चिखल तुडवत तो पलीकडे गेला. भर दुपारी रिकामं गाव कसं दिसतं ते त्याच्याआधी कोणी बघितलं नसेल. कुत्रं नाही, कोंबडा नाही, विहिरीवर रहाटाचा आवाज नाही. स्वतःच्याच घराचं कुलूप त्यानं चोरासारखं काढलं. "देवा म्हाराजा, चूक झाली तर पोटात घाल," असं पुटपुटत त्यानं बरणीतून आंबे काढले, केळीच्या पानात गुंडाळले आणि मागे न बघता पळत सुटला. धोतर चिखलानं भरलं. चप्पल कुठे रुतली ते कळलंही नाही.

भाईनं काही न विचारता मिरच्या आणि गूळ पुढे सरकवला. सत्यवानानं आंबे स्वतःच्या हातानं कुस्करले. तिघं जेवले. कोय चोखता चोखता सत्यवान म्हणाला, "लवू, तू माणूस आसस!" आणि बाजूला सरकून त्यानं लवूला बाकड्यावर पुरी जागा दिली. लवूच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरची फार झाली असं तो म्हणाला.

चौथ्या दिवशी मानकरी देवळात गेले. देवानं कौल दिला नाही. ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटल्या त्या चिकटल्याच. पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पुन्हा तेच. गाव आणखी एक रात्र उघड्यावर राहिलं. चारा संपत आला, तान्ही पोरं कफानं घुसमटायला लागली. पाचव्या दिवशी सकाळी सत्यवानाचा चुलता काठी टेकत सगळ्यांसमोर उभा राहिला. गावातला सगळ्यांत थोर मानकरी तोच.

"देव उगाच अडान बसणा नाय," म्हातारा म्हणाला. "कोणीतरी गावात पाय घातलो आसा. आपणहून सांगा."

 लवूच्या मनात भलतीच गोष्ट आली: आपण तिघे आहोत. सत्यवान पुढे होईल, म्हणेल, काका, आमची चूक झाली, दंड काय तो सांगा. मानकऱ्याच्या पुतण्याला कोण काय करणार? त्यानं आशेनं सत्यवानाकडे बघितलं.

सत्यवान पुढे झालाच. "लवू गेल्लो," तो म्हणाला. "आंबे हाडूक. आमी सांगलेलंव, जाव नको म्हणान. जिभेचो भुकेलो, ऐकता खंय?"

"मी माझ्या कानान आयकलंय," बाळा म्हणाला.

म्हाताऱ्यानं भाईकडे बघितलं. भाईनं हात पंच्याला पुसले. "माका काय ठावक नाय. मी चुलीकडे होतंय."

लवूनं तोंड उघडलं. आंबे कोणी कुस्करले, कोय कोणी चोखली, एवढं तरी सांगायचं. पण सत्यवान त्याच्याकडे बघत होता, आणि बाकड्यावर बघायचा तसाच, गंमतीनं. लवूनं मान खाली घातली. तासाभरात मानकऱ्यांनी पुन्हा पाकळ्या लावल्या आणि उजवी पाकळी पडली. तोवर त्या वाळल्या असतील, असं मी म्हटलं तर गाव मलाही वाळीत टाकेल. लवूला त्याच दिवशी टाकलं. त्याच्या घरचं पाणी कोणी प्यायचं नाही, त्याच्या पंगतीला कोणी बसायचं नाही, त्याच्या दारच्या कार्याला देवाचा नारळ नाही.

 नर्मदेनं ती बरणी परसात नेऊन दगडावर फोडली.

अशा बातम्यांना पाय फुटतात. कुडाळच्या बाजारात शिवाच्या कानावर आलं. पौषात तो आपल्या मेव्हण्याला घेऊन एस.टी.नं आला, खरंखोटं करायला. लवूला निरोप आधीच पोचला होता. नर्मदेनं वडे-सांबाऱ्याचा घाट घातला, जानकीनं चुलीपुढे बसून घेतलं, आणि लवू धुतलेला सदरा घालून थांब्यावर गेला.

पाहुणे भाईच्या हॉटेलात बसलेले. त्याच बाकड्यावर, आणि मधे सत्यवान. लवू बाहेर छपराच्या कडेशी उभा राहिला.

शिवा सरळ माणूस होता. तो म्हणाला, "लवू, माका आडपडदो जमणा नाय. लोक सांगतत गावान तुका वाळीत टाकल्यान. माका तुझा चेडू आवडला हा, मोडूचा म्हणान इलंय नाय. हे हय मानकरी आसत. हेंनी तुझ्यावांगडा ह्या बाकड्यार बसान च्या घेतली तर लोक झूटे, असा मी धरतलंय. मगे लगीन पक्या."

एवढंच होतं. एक कप चहा. लवूनं सत्यवानाकडे बघितलं आणि हात जोडले. त्या हातांत जानकीचं लग्न होतं, ते सत्यवानालाही दिसत होतं.

सत्यवान हसला. अगदी मनापासून. "लोक काय, कायव बोलतत! लवू आमचो जुनो दोस्त. ये रे, भायर कित्या उभो? ये, बस." तो सरकला. अर्धी नव्हे, पुरी जागा केली. "भाई, सगळ्यांका च्या. आणि लवूक भजी दी, गरम."

लवू बसला. त्याच्या अंगात इतकं बळ आलं की त्या क्षणी त्यानं सत्यवानाला सगळं माफ केलं, गावासमोरचं, कोयींचं, सगळं. भाईनं गोंधळून सत्यवानाकडे बघितलं, सत्यवानानं मान हलवली, भाईनं चहा आणि भज्यांची बशी आणून ठेवली. लवूनं एक भजं तोंडात घातलं.

तसा सत्यवान उठला. कप बाकड्यावर तसाच, भरलेला. बाळाही उठला. त्याला आधीच ठाऊक असावं, कारण तो हसू दाबत होता.

"बघलास, पावण्यानू?" सत्यवान शिवाला म्हणाला. "वाळीत असान मानकऱ्याच्या वांगडा जेवक बसता. ह्येका लाज नाय. माझो च्या बघा, ओठाक नाय लावलंय."

लवूच्या तोंडात भजं होतं. ते गिळताही येईना, थुंकताही येईना. शिवा उठून उभा राहिला होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नको त्या जागी पाय पडल्यावर माणूस जसा पाय उचलतो, तसं काहीतरी होतं.

"फोंडाघाटची गाडी तिनाक," सत्यवान त्याच्या खांद्यावर हात ठेवून गोड आवाजात म्हणाला. "तवसर उपाशी कसे ऱ्हवतलास? आमच्याकडे चला. माझ्या भावाचा चेडू, सीता, ताय लग्नाचा आसा, तिच्या हातचा जेवान बघा." शिवानं मेव्हण्याकडे बघितलं, मेव्हण्यानं मान डोलावली. जाताना शिवानं लवूकडे वळून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं, पण बाळानं त्याची पिशवी उचलली आणि चौघं पाणंदीनं गेले.

"लवू, ऊठ रे," भाई खालच्या आवाजात म्हणाला. "तू बसलंस तर दुसरा गिऱ्हाईक येवचा नाय." लवू उठल्यावर भाईनं तांब्यानं पाणी घेतलं आणि बाकडं धुऊन काढलं.

घराच्या अंगणापर्यंत वड्यांचा वास आला होता. जानकी चुलीपुढे घामाघूम झालेली, केसांना पीठ लागलेलं. नवी चोळी खराब होऊ नये म्हणून वरून जुनं लुगडं गुंडाळलेलं. नर्मदा माजघरात पाटाभोवती रांगोळी घालत होती.

"बाबा, इले?" जानकीनं विचारलं.

लवू उंबऱ्यात थांबला. 

"येतत," तो म्हणाला. "हॉटेलात च्या घेतत."

"मगे गरमच वाढतंय," जानकी म्हणाली, आणि तिनं पुढचा वडा तेलात सोडला.