घरी सांगायला

"साहेब, कपातीच्या यादीत माझं नाव घाला," जावईबापू म्हणाला आणि लगेच खाली बघू लागला.

मॅनेजरांनी उठून केबिनचं दार लोटलं. "लोक इथे येऊन रडतात, आम्हाला काढू नका म्हणून. तुम्हाला काय झालंय? जायचंय तर राजीनामा द्या."

"राजीनामा नको. तुम्हीच काढा."

"का?"

"घरी सांगायला बरं पडतं."

चष्म्याच्या काचा घासण्याच्या त्या कारखान्यात एकोणीस वर्षांपूर्वी त्याला सासऱ्यांनी लावलं होतं. ते तिथले फोरमन. ते निवृत्त झाले, पण 'जावईबापू' हे नाव त्याला चिकटलं ते कायमचं. काम त्याला कधीच आवडलं नाही. अलीकडे तर सकाळी मशीन सुरू झालं की तो सुटीचे तास मोजायला लागायचा. पण सासऱ्यांनी शब्द टाकून मिळवून दिलेली नोकरी सोडली, हे कुठल्या तोंडानं सांगणार? काढलं म्हटलं की विषय संपला.

"म्हणजे खापर माझ्या डोक्यावर!" मॅनेजर म्हणाले. "तुमच्या सासऱ्यांच्या हाताखाली शिकलोय मी. उद्या ते समोर आले तर काय सांगू? राजीनामा लिहून द्या, तुमच्या विभागातला एक माणूस वाचेल. शनिवारपर्यंत बघा."

जावईबापू तीन दिवस खिशात कोरा कागद घेऊन हिंडला.

शनिवारी यादी लागली. त्याच्या विभागातलं एकच नाव होतं, शेजारच्या मशीनवरच्या पैलवानाचं. अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून पैलवान. उशिरा लग्न झालेलं, बायकोला सातवा महिना.

पैलवानानं एप्रनची घडी घातली आणि तो जावईबापूसमोर येऊन उभा राहिला.

"तुम्ही बुधवारी साहेबांकडे गेला होतात ना? दार लावून बोलत होतात म्हणे."

जावईबापूनं हातातली काच खाली ठेवली.

"माझ्यासाठीच गेला असणार. सगळ्यात शेवटी लागलेला मी, माझंच नाव येणार हे शेंबडं पोरही सांगेल. नाही ऐकलं त्यांनी, जाऊ दे. पण तुम्ही तोंड उघडलंत, दादा. आजकाल कोण कुणासाठी जातं?"

'नाही रे' एवढंच म्हणायचं होतं. केबिन वीस पावलांवर होती. साहेब अजून आत होते. कागद खिशात होता.

"काळजी घे," जावईबापू म्हणाला.

संध्याकाळी घरी सासरे येऊन बसलेले. पैलवान जाताना त्यांना भेटून गेला होता. जावयाला पाहताच म्हातारा गुडघ्यावर हात टेकत उठून उभा राहिला.

"मला वाटायचं, मुलीच्या संसारासाठी मी तुम्हाला नोकरीला लावलं," ते म्हणाले. "आज कळलं, कारखान्याला माणूस दिला."

"बोला की काहीतरी!" बायको हसत म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

तो चपला काढायच्या निमित्तानं वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

सोमवारपासून दोन्ही मशीनं त्याच्याकडे आली. पैलवानाच्या मशीनवर एक काच अर्धवट घासून राहिली होती. जावईबापूनं ती काढून उजेडात धरली, फिरवून फिरवून पाहिली. कुठे एक ओरखडा नव्हता. त्यानं ती होती तशी परत बसवली आणि मशीन सुरू केलं.