मागच्या सीटवरचा धूर

लेकीला, मंगलाला, बाळंतपणानंतर भंडाऱ्याच्या दवाखान्यातून घरी घेऊन निघाले तेव्हा कौशल्याबाईने पहिलं काम केलं ते गाडीच्या काचा वर चढवण्याचं. ओली बाळंतीण, पौषातली थंडी, आणि मोहाडीच्या रस्त्याला दोन्हीकडे धानाची कापणी झालेल्या मोकळ्या बांध्या. वारा लागला म्हणजे आयुष्यभराचं दुखणं. मागच्या सीटवर मंगला कान फडक्यात बांधून, मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं पोरगं, शेजारी स्वतः कौशल्याबाई पहाऱ्याला. तरी तिचं समाधान झालं नाही. तिने पुढे वाकून नवऱ्याला फर्मावलं.

"तुमचीबी काच घ्या वर."

"मंग मी हात कुठून दाखवू? रस्त्याले बैलगाड्या हायेत."

"हॉर्न वाजवा. हॉर्न कायले देला हाये?"

ताराचंदने मुकाट काच वर घेतली. संसारात माणूस एवढं तरी शिकतोच. शिवाय त्या दिवशी कोणाचंही ऐकून घेतलं असतं अशा खुशीत तो होता. पहिलाच नातू. त्या भरात त्याने भंडाऱ्याच्या बाजारातून सागवानी पाळणा घेतला होता, चांगला ऐसपैस, इतका की डिकीत अर्धाच मावला. पाळण्याचे पाय बाहेर आणि डिकीचं झाकण वर करून दोरीने बांधलेलं, असा थाट होता.

गाडी जुनीच होती. पेट्रोल परवडेना म्हणून ताराचंदने तिच्यात डिझेलचं इंजिन बसवून घेतलं होतं आणि मोहाडी ते वरठी स्टेशन अशी ती भाड्याने चालवायचा. कधीकधी मागे बसलेल्यांचं डोकं धरायचं, कोणाला मळमळायचं. लोक म्हणायचे, गाडी लागली. तरी ताराचंदला चैन पडेना म्हणून गुलाब मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून, गाडीखाली झोपून, सायलेन्सर आणि सगळे जोड तपासले होते. कुठंच गळती नव्हती. आत वास यायचा खरा, पण डिझेलच्या गाडीत अत्तराचा वास कुठून येणार? आणि आज तर शंकेला जागाच नव्हती. दवाखान्याच्या ओसरीत नर्सची नजर चुकवून कौशल्याबाईने मायलेकांना ओवा-लसणाची धुरी दिली होती. गोधडीला, केसांना, सगळ्याला धुराचाच वास.

वरठी मागे पडली आणि मागची बडबड हळूहळू थांबली. ताराचंदला बरंच वाटलं. झोपू दे, दवाखान्यात कोणाला धड झोप लागली होती! थोड्या वेळाने त्याचं स्वतःचं कपाळ ठणकायला लागलं. जीभ कोरडी पडली. समोरची बैलगाडी जवळ आहे की लांब, तेच कळेना. आपल्याला तर कधी गाडी लागत नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि पाठोपाठ दुसरं आलं: आपली काच रोज उघडी असते.

त्याने मागे वळून पाहिलं. मंगलाचं तोंड उघडं होतं आणि मान खांद्यावर पडली होती. कौशल्याबाई काचेला टेकली होती. आणि पोरगं, ज्याने भंडाऱ्यात सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला होता, ते चूपचाप पडलं होतं.

गाडी त्याने कशी थांबवली ते त्यालाच माहीत नाही. मागचं दार उघडून त्याने गोधडीसकट पोरगं बाहेर ओढलं. गार वाऱ्याने कौशल्याबाई खडबडून जागी झाली.

"अजी, दार लावा! वारा लागंल लेकराले!"

"वाराच पाहिजे त्याले!" ताराचंद ओरडला. "तू बाहेर नीघ! मंगलाले काढ!"

पोराची मान लोंबत होती. ओठ पांढरे पडले होते. ताराचंदने गोधडी फेकली, उघड्या पोराला वाऱ्यात धरलं आणि त्याच्या तळव्यांवर टिचक्या मारू लागला. देवा, घे तर मला घे, एवढंच त्याच्या मनात चाललं होतं. कौशल्याबाई एकदा गोधडी उचलायची, एकदा पोराकडे बघायची, पण पांघरूण घालायची तिची हिंमत होईना. शेवटी पोराने तोंड वेडंवाकडं केलं आणि टाहो फोडला. रस्त्याच्या मधोमध दोघं नवराबायको रडायला लागले.

बाजूच्याच खळ्यावर धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, चालू होतं. बेबीबाई नावाची बाई धावत आली, तिने मंगलाला गाडीतून उतरवून खळ्यात तणसाच्या पेंढ्यांवर बसवलं. मंगलाने ओकारी काढली, पाणी प्यायली, आणि पोराला छातीशी धरून म्हणाली, "बाबा, मी त्या गाडीत पाय ठेवत नाही."

पण जायचं कसं? बेबीबाईची बैलगाडी धानाने भरलेली होती. ऊन उतरायला लागलं होतं, आणि एवढ्याशा पोराला रात्रीच्या दहिवरात ठेवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. गाडी हवीच होती, आणि बिनधुराची हवी होती.

ताराचंदने गाडीतल्या देवाच्या फोटोपुढच्या पुड्यातली उदबत्ती काढून पेटवली, इंजिन सुरू केलं आणि बंद गाडीत मागे बसून पाहिलं. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता; उभ्या गाडीत बाहेरून काही आत शिरत नव्हतं. गुलाबला काही सापडलं नव्हतं ते यामुळेच. धूर आत शिरत होता तो गाडी चालताना. म्हणजे कोणीतरी चालवायची आणि कोणीतरी मागे बसायचं.

"मी बसतो," कौशल्याबाई म्हणाली.

"तुले काही झालं म्हणजे?"

"झालं तर मले होईन. लेकराले नको."

ताराचंदला ते मुळीच पटलं नाही, पण खळ्यावर दुसऱ्या कोणाला गाडी चालवता येत नव्हती. "बोलत राह्य," तो म्हणाला. "आवाज बंद झाला का मी ब्रेक मारतो."

"जलमभर गप बस म्हनलं, अन् आता बोल म्हनते!"

काचा वर, उदबत्ती हातात. गाडी निघाली. कौशल्याबाईने सासरच्या माणसांपासून सुरुवात केली आणि पाळण्याच्या किमतीपर्यंत आली, तोच ती खोकत ओरडली, "मागून येऊन राहिला! सीटच्या मागून! धूर सारा पुढं पळून राहिला!"

ताराचंदने गाडी थांबवून सीटची पाठ उचकटली. मागच्या, डिकीकडच्या पुठ्ठ्याच्या फटींवर काजळी बसली होती. त्याने मागे जाऊन डिकीकडे पाहिलं, उघड्या झाकणाकडे, आणि बरोबर त्याखाली असलेल्या धुराच्या नळीकडे. चालती गाडी स्वतःचाच धूर डिकीच्या उघड्या तोंडातून आत ओढत होती. म्हणून बाजाराच्या दिवशी, पोती भरून डिकी उघडी असली म्हणजेच, लोकांना गाडी लागायची.

पाळणा बेबीबाईच्या खळ्यावर उतरवला. डिकी घट्ट लावली. पण मनातली भीती कशी लावून टाकायची? दुसरी फेरी हवीच होती. पुन्हा काचा वर, पुन्हा नवी उदबत्ती.

कौशल्याबाई बोलत होती. बारशाला कोणाला बोलवायचं, आत्याबाईला लुगडं कोणतं घ्यायचं. ताराचंद दरवेळी "हं, हं" म्हणत होता आणि त्या आवाजाला धरून गाडी हाकत होता. आणि एकाएकी, लुगड्याच्या रंगावरच, ती थांबली.

"मंगलाची माय?"

उत्तर नाही.

"ओ! बोल ना!"

आरशात फक्त तिचा पदर दिसत होता, न हलणारा. ताराचंदने कचकन ब्रेक मारला, उडी टाकली, मागचं दार ओढलं.

कौशल्याबाई ताठ बसली होती. डोळे वटारून उदबत्तीच्या सरळ धुराकडे बघत होती, आणि वाऱ्याने तो विस्कटताच तिच्या कपाळाला आठी पडली.

"दार कायले उघडलं?" ती म्हणाली. "बोललं का धूर हालते, म्हून गप होती. आता पुन्हा चालवा."