कडेला टेप नको

आरसा पुरा झाला की गॅरेज तुझं, असा शब्द अरुणाबाईंनीच मुलाला दिला होता. इंग्लंडातल्या स्लाऊच्या त्या घराचा जिना त्यांच्या गुडघ्याला झेपेनासा झाला होता, म्हणून गॅरेजची खोली करून आईला खाली आणायचं वरदच्या मनात होतं. त्याने बिल्डरला सोमवारी बोलावूनही टाकलं, आणि रविवारी सकाळी चहाचा मग घेऊन तो गॅरेजच्या दारात उभा राहिला.

"झाला ना आता? मस्त चमकतोय."

"चमकतं ताटही. तपासल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

काच होतीही ताटाएवढीच, पण चांगली जाड. हिवाळाभर एका पिंपावर ठेवून, त्याभोवती फिरत अरुणाबाईंनी ती घासली होती. आधी खरखरीत पुडीने, मग बारीक, आणि शेवटी डांबराच्या थरावर गुलाबी पूड घालून पॉलिश. त्यातून दुर्बिणीचा आरसा व्हायचा होता. तयार दुर्बीण घेऊन देतो, असं वरद म्हणून चुकला होता. त्यांना तयार नको होती.

नागपूरला शाळेच्या गच्चीवर मास्तरांनी एकदा दुर्बीण लावली होती. मुलं पुढे, मुली मागे. मुलींचा नंबर लागेपर्यंत शनी चिंचेआड गेला. मास्तर हसून म्हणाले, "तुम्हाला चंद्र पुरे, संकष्टीला लागतो तेवढा." गच्ची गेली, मास्तर गेले, पण ते 'तेवढा' अरुणाबाईंच्या कानातून गेलं नाही.

त्यांनी गॅरेजच्या एका टोकाला काच उभी केली. दुसऱ्या टोकाला टाचणीच्या भोकातून येणारा उजेड आणि दाढीचं पातं. काचेवरून परतलेला उजेड पात्याने हळूच कापायचा आणि पात्यामागून काचेकडे बघायचं. सगळा भाग एकसारखा असला तर काच एकदम करडी होते. कुठे उंचसखल असेल तर तिथेच ते उघडं पडतं.

"हाताला तर स्मूथ लागतंय," म्हणत वरदने बोट टेकवलंच.

"आता ठेव तसंच थोडा वेळ. हं, ये इकडे. बघ."

वरदने डोळा लावला. बोट होतं तिथे चक्क टेकडी उभी होती.

"ओ गॉड. मी खराब केला का?"

"तुझ्या बोटाची ऊब आहे ती. काच फुगलीय. बसेल."

टेकडी विरेपर्यंत तो वाकूनच राहिला. चहा गार झाला.

"आता कड बघ," अरुणाबाई म्हणाल्या.

"एक ब्राइट लाइन दिसतेय."

"तेवढी कड उतरलीय. मीच उतरवली. जन्मभर पोळ्या लाटल्या, हात आपसूक कडेवर दाबतो. कड जाड राहिली की तुझी आजी पोळी परत पाठवायची."

"तुझ्या ॲस्ट्रॉनॉमी क्लबातले चंद्रशेखर अंकल म्हणत होते, कडेला काळी टेप लावली की काम होतं. कोणाला कळणार आहे?"

"मला."

"आई, तुझा गुडघा..."

"गुडघा माझा, आरसाही माझा. आयुष्यभर मागे उभी राहत आले, आता माझ्या हातच्या काचेची कड मी झाकू? टेप नको."

"आणि उद्या बिल्डर येतोय त्याचं काय?"

"त्याला चहा दे. आलं घालून."

सोमवारी बिल्डर आला तेव्हा गॅरेजला आतून कडी होती. वरदने दार वाजवलं.

"आई, तो विचारतोय, किती वीक्स लागतील? कड वर यायला?"

"कड वर येत नसते, वरद. बाकीची सगळी काच तिच्याइतकी खाली आणावी लागते. सांग त्याला, लागतील तितके."

दाराबाहेर दोघं काहीतरी बोलले. मग व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला.

अरुणाबाईंनी काच डांबरावर ठेवली. दोन्ही अंगठे कडेवरून उचलले, तळवे मध्यावर आणले आणि पिंपाभोवती दुखरा पाय आधी टाकला.