थोर्केलकाकांनी बुजवलेलं भोक

थोर्केलकाकांनी फोनवर घर तापवणारी भट्टी बंद पडल्याचं सांगितलंच नाही. म्हणाले, सोला, तळघरात जरा पाणी दिसतंय, सवडीने ये. बाहेर उणे तीस होतं. आमच्या सरोवराकाठच्या गिम्ली गावात म्हातारा माणूस सवडीने ये म्हणाला की धावत जायचं असतं, हे भट्ट्या दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या मला कोणी शिकवायला नको. त्यातून दुपारी त्यांची मुलगी हेर्दिस विनिपेगहून येणार होती. आईच्या माघारी बाबांनी एकटं राहू नये, असा तिने वर्षभर धोशा लावला होता. घर गार सापडलं असतं तर ती त्यांना गाडीत घालूनच नेणार होती, आणि काकांना तर सरोवर सोडून कुठे जायचं नव्हतं.

मी पोचले तेव्हा काका स्वयंपाकघरात कोट घालून बसले होते. तोंडातून वाफ निघत होती. मी चिडलेच. किती दिवस बंद आहे विचारलं, तर म्हणे बंद कुठे, चालते, थांबते, परत चालते.

खाली भट्टीपाशी आइस्क्रीमची रिकामी बादली लावलेली होती, तीही काठोकाठ भरलेली. या नव्या भट्ट्या गॅसची ऊब शेवटपर्यंत पिळून घेतात, त्यामुळे धुरातल्या वाफेचं आतल्या आत पाणी होतं. ते एका वाकड्या नळीतून जमिनीतल्या मोरीकडे जातं. काकांच्या नळीचा सांधा सैल पडून गळत होता. त्यांनी तो मासेमारीच्या जाळ्याच्या दोऱ्याने आवळून वर डांबर फासलं होतं. ते कापता कापता मला त्या थंडीत घाम फुटला.

पण सांधा गळला म्हणून भट्टी थांबत नाही. मग मला खरं कारण दिसलं. वाकड्या नळीच्या पुढे एक आखूड नळी उभी असते, तोंड उघडं असलेली. तिच्यातून हवा आत जाते म्हणून पाणी सरळ वाहतं. काकांनी तिच्यात लाकडाची खुंटी ठोकली होती, छान तासून, घट्ट.

"ही कशाला मारली?" मी विचारलं.

"भोक होतं," काका म्हणाले. "भोक दिसल्यावर उघडं ठेवतं का कोणी?"

जन्मभर सरोवरावर होडी चालवलेल्या माणसाशी काय वाद घालणार! पाणी तुंबून भट्टीत मागे चढत होतं, आणि भट्टी बिचारी स्वतःला जपायला बंद पडत होती.

मी खुंटी उपटली. नळी काढून धुतली, आतून बुळबुळीत गाळ निघाला. नवा सांधा बसवला, नळीला मोरीकडे उतार दिला, धूर घरात येऊ नये म्हणून वाकड्या भागात भांडंभर पाणी ओतलं आणि भट्टी चालू केली. थोड्या वेळाने मोरीत पाणी टपकायला लागलं. सांध्यावरून बोट फिरवलं, कोरडं होतं. मला फार बरं वाटलं.

हेर्दिस आली तेव्हा घर छान तापलं होतं आणि काकांनी सुक्या आलुबुखारच्या थरांचा केक कापला होता. तिने कोट काढला आणि मला विचारलं, काय झालं होतं. मी बेधडक सांगितलं, सांधा सैल झाला होता, कुणाच्याही घरी होतो. ती काकांकडे वळली. मग म्हणाली, बरं, हा हिवाळा राहा इथेच. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

काकांनी कप खाली ठेवला. "सोला माझी बाजू सावरतेय. भोक मी बुजवलं."

"बाबा, त्यात काय एवढं?"

"त्याचं काही नाही गं. भट्टी थांबली की मी कोट चढवायचो. रात्री टोपी घालून झोपायचो. फोन उशाशीच होता, पण तू मला नेशील म्हणून कुणाला लावला नाही. काल सकाळी बोटं वळेनात, तरी नाही लावला." त्यांनी हाताकडे पाहिलं. "असा माणूस मी माझ्या होडीत घेतला नसता."

हेर्दिसने त्यांची बोटं हातात घेतली. मला मात्र म्हाताऱ्याचा राग आला. एवढं घर तापवून दिलं, मी खोटंही बोलले, आणि हा बाबा स्वतःहून तिच्याबरोबर विनिपेगला निघाला. रागाखाली रडू होतं, ते दाबून मी केक खाल्ला.

काकांनी दोन पिशव्या भरल्या. निघताना त्यांनी मला विचारलं, घर रिकामं असताना भट्टी केवढ्यावर ठेवायची. मी सांगितलं, बंद करायची नाही, पाणी गोठून नळ फुटतील. बारा अंश पुरे.

"मग तूच कर," ते म्हणाले आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

मी भिंतीवरचं बटण खाली आणलं आणि त्या घरात फक्त नळांपुरती ऊब ठेवली.