पेरभर रुंद अंगठी

नागरिकहो, हुंडा मागणं वाईट, हे आता शहाण्यासुरत्या माणसांना पटलं आहे. म्हणून ते हुंडा मागत नाहीत, नुसती 'हौस' सांगतात. चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. कोल्हापुरात गुळाची अडत चालवणाऱ्या आकारामदादांची हौसही साधीच होती. मुलगा सयाजी याच्या साखरपुड्याला मुलीकडच्यांनी घालायची अंगठी मांडवात लांबूनही दिसली पाहिजे!

मुलीचे वडील शिवाप्पा गडहिंग्लजला शाळामास्तर होते. त्यांनी सोनाराला विचारून दादांना नम्रपणे सांगितलं, की जवळच्या सोन्यात एवढी रुंद अंगठी केली तर पत्रा फार पातळ होईल. अरुंद केली तर जाड आणि दणकट होईल. दादांनी ते उडवून लावलं. जाडी कोण बघतंय, लोक रुंदीच बघतात, असं त्यांचं म्हणणं. सयाजीला विचारायचा प्रश्नच नव्हता. बोट त्याचं असलं तरी अब्रू दादांची होती.

साखरपुडा थाटात झाला. अंगठीने सयाजीच्या बोटाचं अख्खं पेर झाकलं. बोट वाकेना, म्हणून बिचाऱ्याने पेढा डाव्या हाताने खाल्ला. दादा मात्र तो हात धरून त्याला पाहुण्यांत फिरवत होते, बाजारात बैल दाखवावा तसे. तेवढ्यात सयाजीच्या तालमीतले सवंगडी आले. तालमीतलं अभिनंदन म्हणजे हात हातात घ्यायचा आणि समोरचा कळवळेपर्यंत दाबायचा, ही आपल्याकडची रीतच. पहिल्याच पैलवानाने प्रेमाने हात दाबला आणि पत्रा चेपून बोटात रुतला.

साबण झाला, तेल झालं. बोट वांग्यासारखं सुजून निळं पडत चाललं. शेवटी सोनाराला बोलावून अंगठी कातरावी लागली. सयाजीचं बोट सुटलं आणि दादांचं तोंडही सुटलं. मुलीकडच्यांनी पत्रा घालून फसवलं, ही सोयरीक मोडली म्हणून समजा, असं ते ओरडू लागले. शिवाप्पा हात जोडून उभे राहिले. नवरी मीनाक्षीच्या डोळ्यांना धार लागली.

तेव्हा दादांची थोरली बहीण धोंडुबाई उठली. बायकांत बसून तिने सगळी खबर आधीच काढली होती. मीनाक्षीची आई शांतव्वा, तिला हाताला धरून तिने पुढे आणलं आणि तिचा पदर जरा मागे सारला.

"आकाराम, हिचं कान बघ. बुगड्या आटवून तुझी अंगठी केल्याली हाय. पातळ हुईल म्हणून मास्तरनी सांगितलं हुतं की न्हाय? लोकं अंगठी एकदा बघत्यात आन् पंगतीला जात्यात. पोराला त्या हातानं जल्मभर काम करायचं हाय."

दादांनी ते ओकेबोके कान पाहिले आणि त्यांची मान खाली गेली. अहो, त्या माणसाला खरोखर लाज वाटली! त्यांनी कातरलेली अंगठी सोनाराच्या हातावर ठेवली.

"ह्यातल्या थोड्या सोन्याची पोराला बारीक, पर दणकट अंगठी करा," ते हळू आवाजात म्हणाले. "उरल्याल्या सोन्याच्या इहीणबाईंच्या बुगड्या करा. कमी पडंल ती भर माझी."

सोयरीक टिकली, लग्नही झालं. तेव्हा नागरिकहो, अंगठी बोट वाकेल एवढीच रुंद असावी आणि रोजच्या कामात टिकेल एवढी जाड असावी. पण ती मागण्याआधी, सोनं कुणाच्या कानातून येणार आहे, हे मात्र जरूर विचारावं.